रुचिराचं टेबल कोणी आवरलं?

आशिया खंडातला सर्वांत तल्लख मेंदू सध्या तमिळ मुलखातल्या ओरगडमच्या एका गिअर कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, झेरॉक्स मशीनशेजारी बसतो, असं काशिनाथ सुर्वे स्वतःच सांगत असे. चाकणहून बदली होऊन त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तेवढ्यात त्याने कँटीनमधल्या तीन चमच्यांच्या चोरीचा छडा लावला होता. चमचे सापडले नाहीत, पण छडा लागणं वेगळं आणि चमचे सापडणं वेगळं, असं त्याचं म्हणणं. पगार मात्र त्याला क्वालिटी विभागाचा मिळे. रुचिरा त्याच्या हाताखाली ट्रेनी होती, म्हणून आपोआप गुप्तहेराची मदतनीसही झाली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ती इरुंगाट्टुकोट्टैच्या पुरवठादाराकडून दुपारी दोनला परतली आणि जागीच थबकली. तिचं टेबल आवरलेलं होतं!

तिच्या पसाऱ्यात तिला डोळे मिटून सगळं सापडायचं. बिलांखाली बिस्किटांचा पुडा, पुड्याखाली निळी वही. आता टेबलाची काच चक्क दिसत होती. ती हिरवट आहे हे रुचिराला सहा महिन्यांत पहिल्यांदाच कळलं. पेन्सिली उंचीप्रमाणे उभ्या होत्या. निळी वही मात्र नव्हती.

वहीत सहा महिन्यांची हाताने लिहिलेली मापं होती. चार वाजता कारखान्याचे प्रमुख कृष्णस्वामी सर ती बघणार होते आणि रुचिराला कायम करायचं की नाशिकला परत पाठवायचं, ते ठरवणार होते. तिने घाईघाईने खण उघडायला घेतला.

"कशाला हात लावू नकोस!" काशिनाथ गरजला आणि स्वतः सगळ्याला हात लावून आला. "हे बघ. चुरमुऱ्याचे तीन दाणे. चोर भेळ खाणारा आहे. या मजल्यावर भेळेसाठी जीव टाकणारा कोण?"

दादरचा सिद्धार्थ. त्याला बोलावणं गेलं.

"आज भेळ खाल्लीस?"

"कुठे मिळाली, सर?" सिद्धार्थने इतक्या आशेने विचारलं, की काशिनाथचा नाइलाज झाला. त्याने 'संशयित उलट प्रश्न करतो' अशी नोंद केली.

मग काचेवर पिवळं बोट उमटलेलं दिसलं. "हळद! म्हणजे नवरदेव!" कुशलचं लग्न महिन्यापूर्वी झालं होतं.

"सर, हळद तेव्हाच धुतली मी."

"सगळे गुन्हेगार असंच म्हणतात."

साडेतीन वाजले. "सर, मला नाशिकला नाही जायचं," रुचिरा म्हणाली.

काशिनाथने डोळे मिटले. "चोर नीटनेटका आहे. ज्याचं टेबल सर्वांत स्वच्छ, तोच चोर."

दोघांनी मान वर केली. मजल्यावरची सगळी, चांगली चाळीस टेबलं लखलखत होती. काशिनाथचा चेहरा उतरला. "टोळी आहे!"

"तुमचंही टेबल स्वच्छ आहे, सर."

"मलाही अडकवलंय," तो कुजबुजला.

इतक्यात प्रशासन विभागाच्या त्रिपुरसुंदरी अक्का पुड्यांनी भरलेली टोपली घेऊन आल्या. अक्का मूळच्या तंजावरच्या. घरची जुनी मराठी त्या बिनदिक्कत ऑफिसात बोलत.

"अय्यो, मेजें मींच पुसून घेतलीं की! आज आयुधपूजा न्हवे? तुझें मेज एकदाचें मोकळें झालें, म्हणून नैवेद्याच्या पोरीच्या पुड्या तिथेंच बांधल्या. हळदीचा पिळ्ळैयार पण तिथेंच केला."

अक्कांची 'पोरी' म्हणजे चुरमुरे आणि पिळ्ळैयार म्हणजे आपला गणपती. काशिनाथला अचानक खोकला आला.

"आणि वही, अक्का?"

"देवीपुढें. ज्याच्या हातीं जें रोज झिजतें, तें एकेक ठेवलें."

मीटिंग रूममध्ये देवीसमोर निळी वही गंध, कुंकू आणि झेंडूचं फूल मिरवत बसली होती. शेजारी कुशलचा पाना, सिद्धार्थचा लॅपटॉप आणि टोकाला, कुंकू लावलेला, काशिनाथचा चहाचा मग.

"तुझ्या मेजावर पुष्कळ शोधलें, बाळा," अक्का काशिनाथला म्हणाल्या. "हेंच झिजलेलें मिळालें."

काशिनाथने वहीकडे हात नेला. अक्कांनी तो मनगटापाशी धरला. "नक्को! उद्या विजयादशमी. पूजा उठल्याशिवाय कुणीं वाचायचें नाहीं, लिहायचें नाहीं."

रुचिरा रिकाम्या हातांनी कृष्णस्वामी सरांसमोर उभी राहिली.

"वही?"

"देवीपुढे आहे, सर. अक्कांनी ठेवली."

"अक्कांनी?" ते सावरून बसले. "मग तोंडी सांग."

स्वतः लिहिलेलं असल्यामुळे तिला सगळं पाठ होतं. जूनच्या दुसऱ्या लॉटमध्ये भोक कुठे मोठं झालं आणि का, हे तिने सांगितलं. सर बराच वेळ ऐकत राहिले.

"तू कायम. पत्रावर सही उद्या करतो. माझं पेनसुद्धा अक्कांनी नेलंय."

ती बाहेर आली तेव्हा तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. काशिनाथ कागदी कपातून चहा पीत उभा होता.

"लिहून घे, रुचिरा. आपल्या असामान्य तर्कशक्तीच्या जोरावर काशिनाथ सुर्वे यांनी अवघ्या दोन तासांत..."

"आज लिहायचं नसतं, सर," ती म्हणाली, आणि अक्कांनी दिलेली चुरमुऱ्यांची पुडी फोडत खाली बसकडे निघाली.