सासूबाईंनी उतरवलेलं विमान

सासूबाईंच्या गुडघ्यांना जपायचं, असा एक साधासा निर्णय हॉलंडमधल्या फेल्डहोवनच्या संजीवनं घेतला आणि तिथून पुढचं रामायण घडलं. डच घरातला जिना म्हणजे कठडा लावलेली शिडीच. म्हणून २००६ सालच्या उन्हाळ्यात सुनेत्राबाई पुण्याहून आल्या, तेव्हा खालच्या डीव्हीडी प्लेअरचं चित्र वरच्या खोलीतल्या टीव्हीवर बिनतारी पाठवणारी एक डबी त्यानं बसवून दिली. ("छान," सासूबाई म्हणाल्या, "द हेगला पुष्कररावांकडे मात्र लिफ्ट आहे हो!")

हे पुष्करराव म्हणजे धाकटे जावई. सासूबाईंच्या तोंडून एकदा तरी आपलंही कौतुक ऐकायचं, ही संजीवची लग्नापासूनची एकमेव हाव. ऑफिसात तो चिप बनवायच्या मशीनमध्ये केसाहून बारीक रेघा जुळवायचा, पण ते त्यांना दाखवणार कसं? म्हणून त्यानं थर्माकोलचं विमान बांधलं आणि नाकावर इवलासा कॅमेरा चिकटवला. कॅमेऱ्याचं चित्र त्याच्या डोळ्यांवरच्या गॉगलमध्ये यायचं, जणू तोच आत बसून उडतोय. मोटर फिरली की चित्रात आडव्या रेघा यायच्या. त्यानं वायरी लांब नेल्या, फिल्टर लावला, अँटेना सरळ केली आणि चित्र आरशासारखं लख्ख केलं. काम खरोखर बघण्यासारखं होतं.

रविवारी त्यानं गॉगलला चित्र पुरवणारा रिसीव्हर अंगणातल्या टेबलावर, दिवाणखान्याच्या काचेला लागून ठेवला.

"आई, वरच्या खिडकीतून बघा हं!"

"बघते. पण आधी नीलाला सांगा, माझ्या भाच्याच्या, निहारच्या लग्नाची डीव्हीडी लावून दे म्हणावं."

नीलांबरी डीव्हीडी शोधायला लागली. तिकडे विमान झोकात उडालं. शेतं, सायकलींचे रस्ते, मागचा कालवा, सगळं गॉगलमध्ये झकास दिसत होतं. विमान वळून घराकडे येईतो नीलांबरीनं आईची आज्ञा पाळली आणि संजीवला जिलेबी दिसली. पाठोपाठ मठ्ठा.

"नीला, मला पंगत दिसतेय!"

"भूक लागलीय का तुला?"

एवढ्यात वरून आरोळी आली. "अगं नीला, पंगत गेली आणि कौलं दिसायला लागली! आपलंच घर की हे! आणि अंगणात डोळ्यांवर डबा बांधलेलं हे ध्यान कोण?"

संजीवच्या डोक्यात आता उजेड पडला. विमान आणि डबी एकाच चॅनेलवर होती! त्याच्या रिसीव्हरला काचेपलीकडची डबी जवळची, वरच्या टीव्हीला विमान. (सगळ्या चाचण्या त्यानं डबी बंद असतानाच केल्या होत्या.) त्यानं गॉगल काढला. पांढऱ्या ढगात पांढरं विमान, नाक कुठलं आणि शेपूट कुठली कळेना. त्यात कालवा जवळ.

"थांब, डबीची वायरच उपटते!" म्हणत नीलांबरी धावली.

"खबरदार हात लावलास तर!" आई कडाडल्या. "मला इथं छान दिसतंय. संजीवराव, डावीकडे घ्या. अहो जरासं! हां, आता सरळ. कौलांवरची चिमणी आली, वर, वर! शाबास. आता हळूहळू खाली. घाबरू नका, मी आहे."

सोसायटीतल्या निम्म्या बायकांना स्कूटर शिकवलेली ती बाई! आवाजात कंप नाही की घाई नाही. तिच्या शब्दाबरहुकूम विमान चिमणीवरून आलं आणि अंगणातल्या गवतावर अलगद टेकलं. साधा ओरखडासुद्धा नाही! संजीवला खरंच भरून आलं. काय ती नजर, काय तो धीर! आभार मानायला तो धावत जिना चढला.

सासूबाई फोनवर धाकट्या लेकीशी बोलत होत्या.

"सुरुची, आज मी विमान उतरवलं! हो, पहिल्यांदाच. संजीवराव? होते ना. त्यांचं कौतुक करायला हवं हो, सांगेन तसं सगळं केलं त्यांनी."

संजीव दारातच थबकला. लग्नानंतरचं पहिलं कौतुक! त्यानं श्वास रोखून कान टवकारले.

"पुढच्या रविवारी पुष्कररावांना पाठव," सासूबाई सांगत होत्या. "संजीवरावांना जमलं, म्हणजे त्यांना अगदी सहज जमेल."