फ्रिजला पोहोचवायला चार माणसं

या नगरपालिकेच्या हद्दीत घरातली जुनी वस्तू टाकायची झाली, तर तिला घंटागाडीपर्यंत पोहोचवायला चार माणसं लागतात. भाड्याची माणसं चालत नाहीत. ज्यांनी ती वस्तू वापरली आहे, अशीच लागतात. मालकाला त्यात धरत नाहीत, कारण मालकाचं काय, तो असणारच.

रोजचा ओला-सुका कचरा यातून वगळला आहे. केळीच्या सालीला पोहोचवायला निघावं इतकं काही गाव खुळं नाही. पण गादी, मिक्सर, पंखा, अगदी पाय मोडलेलं स्टूल म्हटलं तरी चार माणसं आलीच. एकेकाने पुढे होऊन आपल्याला त्या वस्तूचा काय उपयोग झाला ते सांगायचं, मुकादमाने "वापर मान्य" म्हणायचं, मग चौघांनी हात लावून वस्तू गाडीत चढवायची. पुढे ती भंगारात जाते की दुरुस्त होऊन दुसऱ्याच्या घरी, ते नगरपालिका बघते.

त्यामुळे आमच्याकडे माणसाची परिस्थिती रस्त्यावरूनच कळते. गोतावळ्याची घरं कशी लख्ख असतात. सतरंजी विटली की दुपारच्या आत घराबाहेर. एकट्याचं घर मात्र भरत जातं. गॅलरीत सायकल, सायकलवर कूलर, कूलरवर जुन्या टीव्हीचं धूड. येणारे-जाणारे मान वर करून बघतात आणि चुकचुकतात.

त्र्यंबकराव बोराड्यांची गॅलरी अशी होती. सूतगिरणीत हजेरी घेण्यात त्यांचा जन्म गेला. पाळीतल्या सगळ्या कामगारांची नावं आडनावांसकट तोंडपाठ, पण त्यातला एकही कधी घरी चहाला आला नाही, कारण ह्यांनी कधी बोलावलंच नाही. माणसं यायची ती त्यांच्या बायकोकडे, इंदूताईंकडे. इंदूताई गेल्या, माणसं यायची थांबली, वस्तू तेवढ्या राहिल्या. त्या वस्तूंमधून खाटेपासून मोरीपर्यंत एक पायवाट त्र्यंबकरावांनी राखली होती. या उन्हाळ्यात फ्रिज बंद पडला. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या गफूरभाई मणेरींनी तपासायला म्हणून तो कोपऱ्यातून ओढून काढला, आत बघून हात टेकले, आणि फ्रिज पायवाटेवरच उभा राहिला.

दोन दिवसांनी मुकादम कोल्हे पाहणीला आले. फ्रिजला वळसा घालायला जागा नाही असं पाहून त्यांनी दारातूनच सांगितलं, "बोराडे, रविवारपर्यंत हा हलला नाही, तर घर भरलं असं जाहीर करावं लागेल."

"केलं तर काय होतं?"

"दंडबिंड काही नाही. भरलेल्या घरापुढे घंटागाडी थांबत नाही, इतकंच."

इतकंच! रोज सकाळी घंटागाडी यायची आणि गाडीवरची चंद्रकलाबाई खालून हाक मारायची, "काका, झाला का च्या?" त्र्यंबकराव म्हणायचे, "झाला." ती म्हणायची, "काल खोकत व्हता, बरं हाय का?" ते म्हणायचे, "बरं आहे." दिवसभरात माणसाशी होणारं बोलणं ते एवढंच. एकट्याचा कचरा तो काय असणार! कित्येक सकाळी बादली रिकामीच असायची. मग ते कालचा पेपर चुरगाळून तिच्यात टाकायचे आणि खाली उतरायचे. गाडी थांबायची बंद झाली, तर आपल्याला खोकला आहे की नाही हे जगात कोणालाच कळणार नाही, हे त्यांना तिथल्या तिथे कळून चुकलं.

ते माणसं शोधायला निघाले.

शेजारच्या ऊर्मिला सोनटक्के लगेच हो म्हणाल्या. त्यांचा फ्रिज बिघडला होता तेव्हा सासूबाईंची इन्सुलिनची इंजेक्शनं बोराड्यांकडे ठेवली होती. गफूरभाईंचं जरा अवघड होतं. दुरुस्ती म्हणजे वापर नव्हे, असं मुकादमांनी स्पष्ट केलं. पण मागे एकदा दुरुस्तीनंतर इंदूताईंनी त्यांना त्यातलंच गार पाणी दिलं होतं आणि ते त्यांनी प्यायलं होतं. "प्यायलं असेल तर बसतं," मुकादम म्हणाले.

तिसऱ्यासाठी त्र्यंबकराव एसटीने तालुक्याला गेले. तिथे मनोहर, इंदूताईंचा धाकटा भाऊ, याचं हार्डवेअरचं दुकान होतं. इंदूताईंच्या तेराव्यानंतर दोघांचं बोलणं नव्हतं. भांडण असं काही झालं नव्हतं. दोघेही दुसऱ्याच्या फोनची वाट बघत बसले होते.

"दाजी? आज इकडं कसं काय?" मनोहर काउंटरमागून उठला.

"फ्रिज गेला."

मनोहर म्हणाला, "ताईचा?"

"तिचाच. तुम्ही दर उन्हाळ्यात त्यातलं श्रीखंड खायचात. रविवारी याल का?"

"आठ वर्षांत या म्हणाला नाहीत. आता फ्रिजसाठी म्हणताय?"

"त्याशिवाय कसं म्हणायचं ते कळलं नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

मनोहरने गिऱ्हाइकाला खिळे तोलून दिले आणि येतो म्हणाला.

चौथं माणूस मात्र मिळेना. गिरणीतल्या नावांची मनातल्या मनात हजेरी घेऊन झाली. सगळे गैरहजर. शेवटी शनिवारी सकाळी त्यांनी बादली देता देता चंद्रकलाबाईलाच विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या फ्रिजमधलं पाणी कधी प्यायलं असेल नाही?"

चंद्रकलाबाईने बादली गाडीत उपडी केली. "न्हाई काका. तुम्ही कवा इचारलंच न्हाई."

ती रागाने म्हणाली नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं. एवढे उन्हाळे ती खाली उन्हात उभी राहिली, वर फ्रिजमध्ये बाटल्या भरलेल्या होत्या. दारात आलेल्याला पाणी विचारावं एवढी साधी रीत, पण कचरा न्यायला येणारीला ती लागू आहे हे ह्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि आता फ्रिज बंद पडल्यावर विचारून उपयोग नव्हता. वस्तू चालू असतानाचाच वापर धरतात.

रविवारी तिघे वेळेवर आले. मुकादम आले. गाडी खाली उभी राहिली, चंद्रकलाबाई वर आली. मुकादमांनी माणसं मोजली आणि मान हलवली.

"एक कमी आहे, बोराडे."

"आमच्या ताईनं वापरलाय की तो. सगळ्यात जास्त तिनंच," मनोहर म्हणाला.

"मयत चालत नाही."

"मी?" त्र्यंबकराव म्हणाले.

"तुम्ही मालक."

मग हजेरी घेणाऱ्या त्र्यंबकरावांना एकदम सुचलं.

"कोल्हेसाहेब, वस्तू टाकायला माणसं लागतात. दुसऱ्याला द्यायला?"

"द्यायला कोणी लागत नाही. घेणारा असला की झालं. पण पुढे टाकायची वेळ त्याच्यावर येते, म्हणून कोणी घेत नाही."

त्र्यंबकराव वळले. "चंद्रकलाबाई, हा फ्रिज घ्याल का?"

"बंद पडल्याला?"

"बंद पडलेला."

"आन् ठिवू कुटं, काका?"

"ठेवायचा नाही. टाकायचा."

चंद्रकलाबाईने हातमोजे काढले, पदराला हात पुसले आणि फ्रिजच्या दारावर तळवा ठेवला. "मंग घेतला," ती म्हणाली.

मुकादमांनी दोनदा मनात मोजून पाहिलं. मालकीण चंद्रकलाबाई. बोराडे धरून वापरणारे चार. नियमात बसत होतं.

ऊर्मिलाबाई म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंची इंजेक्शनं यात राहिली." वापर मान्य. गफूरभाई म्हणाले, "भाभींनी याच्यातलं पाणी पाजलं. वाळा घातलेलं होतं." वापर मान्य. मनोहर एवढंच म्हणाला, "श्रीखंड." तेही मान्य झालं.

त्र्यंबकरावांची पाळी आली. आजवर ते मालक होते, त्यामुळे असं कधी बोलावं लागलं नव्हतं.

"इंदू गेल्यापासून यात ठेवण्यासारखं फारसं काही नसायचं," ते म्हणाले. "पण संध्याकाळी मी बाहेरून येऊन दार उघडायचो. दार उघडलं की आत दिवा लागायचा. आपण सोडून घरात आणखी कोणीतरी दिवा लावतंय, असं वाटायचं. तेवढ्यासाठी मी वापरला."

मुकादमांनी फ्रिजचं दार एकदा उघडून लावलं.

"मान्य," ते म्हणाले.

चौघांनी हात लावला. जिन्यात दोनदा टेकवून फ्रिज खाली आणला, गाडीत चढवला. त्र्यंबकराव परत वर जायला निघाले, तर मुकादमांनी अडवलं.

"पोहोचवणाऱ्यांना लगेच आत जाता येत नाही. वस्तूच्या रिकाम्या जागी मालकाने तेलाचा दिवा लावायचा असतो. तो लागला की मग जा."

"पण घर माझं आहे."

"घर तुमचं. जागा फ्रिजची, फ्रिज बाईंचा. दिवा बाईच लावणार."

"लावते की," चंद्रकलाबाई म्हणाली. "पर गाडी खाली करून येस्तवर सांज हुईल. थांबावं लागंल काका." तिने घराची किल्ली घेतली आणि पायरीवर चढून घंटा वाजवली. गाडी गेली.

ऊर्मिलाबाई आणि गफूरभाई आपापल्या घरी गेले. त्र्यंबकराव समोरच्या पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. मनोहर त्यांच्याशेजारी बसला. एसटीची वेळ झाली तेव्हा मनोहर उठला.

"दाजी, पुढच्या खेपेला ती खाट काढा," तो म्हणाला. "तिच्यावर मी झोपलोय."

"खाट अजून चांगली आहे."

"मोडेल की," मनोहर म्हणाला आणि गेला.

ऊन उतरलं. चंद्रकलाबाई आली, घरची स्वच्छ साडी नेसून आली होती. वर गेली. थोड्या वेळाने त्र्यंबकरावांच्या खिडकीत उजेड दिसू लागला. इंदूताई गेल्यापासून त्यांनी तो बाहेरून पाहिला नव्हता. ती खाली उतरली, किल्ली त्यांच्या हातात दिली.

"लावलाय. जावा आता."

"बाई, पाणी…" ते म्हणाले.

"वरलं प्याले मी. माठातलं," ती म्हणाली आणि घराकडे निघाली.

ऊर्मिलाबाई दळण घेऊन परतत होत्या. काकांना अजून कट्ट्यावरच पाहून त्या थांबल्या.

"काका, दिवा लागला ना? घरी नाही जायचं?"

"जातो," त्र्यंबकराव म्हणाले. "मी आत गेलो की मग घरात मीच असणार."

आणि दिव्यातलं तेल संपेपर्यंत ते तिथेच, खिडकीकडे बघत बसून राहिले.