तीन बोटं भस्म

सुकन्यानं ठरवलं, ट्यूब आणायची आणि सासूबाईंना कळू द्यायचं नाही. तिनं एवढंच ठरवलं होतं. पुढचं आपोआप झालं.

शिवम झाल्यापासून तिच्या कपाळावर पुटकुळ्या आल्या होत्या (रेणापूरच्या शिवारात सोयाबीनसुद्धा इतकं दाट उगवत नाही), आणि पुढच्या आठवड्यात मुरुडला धाकट्या भावाचं, वीरभद्रचं लग्न. करवली म्हणून प्रत्येक फोटोत ही असणारच. आणि सासूबाई नागम्मांचं मत पक्कं, की पाजणारीनं तोंडाला काही फासलं की ते दुधात उतरतं.

शेजारच्या रेणुकानं क्रीमची एक बिननावाची डबी दिली होती. सुकन्यानं तिचा वास घेतला, ती उलटी करून बघितली आणि पोराला कडेवर मारून धोंडप्पांचं मेडिकल गाठलं.

"फेकून दे ही," धोंडप्पा म्हणाले. "आत काय हाय ते लिहिलेलं न्हाई. असल्यात बरेचदा स्टेरॉईड असतंय." मग त्यांनी तीन ट्यूबा मांडल्या. "ही सॅलिसिलिक, बुजलेली छिद्रं मोकळी करती. ही ॲडापॅलीन, पण तू पाजतीस, डॉक्टरला इचारल्याबिगर न्हाई. ही बेंझॉईल पेरॉक्साईड, अडीच टक्क्याची, फोडातले जंतू मारती. हीच ने."

"तुमच्या घरी कोण लावतंय?"

"माझी पोरगी."

"बोलवा तिला."

पोरगी आतून आली. चेहरा घासलेल्या ताटासारखा लख्ख. सुकन्याचा संशय उलट वाढला. "हिला फोड आल्तेच कवा?"

धोंडप्पांनी हात जोडले. "पातळ लाव. फरक पडायला दीड-दोन महिने लागतेत. लेकराला लागू देऊ नको. आन कापडाला लागू देऊ नको, रंग उडतो."

"कापडाचा उडतो आन कपाळाचा उडत न्हाई?"

"न्हाई."

नक्की काहीतरी लपवून राहिलाय, असं तिला वाटलं. दोन महिने म्हणजे तर दुसरी ट्यूब खपवायचा डाव. म्हणून सोमवारी सकाळी तिनं दोन महिन्यांचा माल एकदमच कपाळावरच्या एकेका फोडावर थापला.

तेवढ्यात नागम्मा आल्या. महादेवाला जायचं म्हणून गडद निळी इरकल नेसून.

"कपाळाला पांढरं काय गं?"

"भस्म हाय, आत्याबाई."

"असं ठिपक्या-ठिपक्याचं? बस इकडं." नागम्मांनी स्वतः तीन बोटं या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत ओढली आणि हात पदराला पुसला. त्यांचे डोळे भरून आले. "आता शोभलीस ह्या घरात."

संध्याकाळी पदरावर तीन बोटांचे फिकट पट्टे उमटले. नागम्मांनी आधी साबणावर संशय घेतला, मग धुणंवालीवर, शेवटी लातूरच्या साडीवाल्यावर. "कच्चा रंग दिला मेल्यानं. सोमेश, उद्या गाडी काढ. त्याच्या गादीवर ठाण मांडून बसते." सोमेश, म्हणजे सुकन्याचा नवरा, मुकाट गाडीची किल्ली शोधायला लागला. "आन सुकन्या, तू चल साक्षीला."

सकाळी साक्षीदार भुवयांपर्यंत पदर ओढून हजर झाली.

"पदर कामून एवढा खाली?" नागम्मांनी तो वर केला. कपाळावर तीन पट्टे, लालभडक. त्यांनी आतून इरकल आणली आणि तिचा पदर सुनेच्या कपाळाला लावून बघितला. पट्ट्याला पट्टा जुळला.

"ट्यूब कुठं हाय?"

सुकन्यानं तुरीच्या डाळीत हात घालून ट्यूब काढली.

"कापडाचा रंग उडतो, हे दुकानदारानं सांगितलं न्हाई व्हय?"

"सांगितलं की. मला खरं वाटलं न्हाई."

लातूर रद्द झालं. मुरुडला मात्र जावंच लागलं. पुटकुळ्या जागच्या जागी, त्यावर साल निघालेले पट्टे, आणि ते झाकायला नागम्मांनी ओढलेलं खरंखुरं भस्म. मांडवभर एकच कौतुक, पोरगी लई भक्तीची. सुकन्या मान खाली घालून ते झेलत राहिली.

फोटो झाल्यावर नवी नवरी, वर्षाराणी, हळूच जवळ सरकली. तिच्या गालावर पावडरीखाली चार पुटकुळ्या होत्या.

"वन्सं, भस्मानं फोड जातेत का हो?"

सुकन्यानं तोंड उघडायच्या आत मागून नागम्मांचा आवाज आला.

"रेणापूरला धोंडप्पाच्या दुकानात मिळतंय, अडीच टक्क्याचं. पातळ लावायचं. आन हिला काही इचारू नको."