कासारणीचें मनगट आणि सरदारांची दुसरी समज

श्रीगजाननाचे पायीं मस्तक ठेवून, आणि लेखणीस खोटें न लागो ऐसें मागून लिहितों. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, एके राज्यीं (नांव कशास?) भर बाजारीं जुलूम जाहला. सगुणाबाई कासारीण नाक्यावर बांगड्यांची गाडी लावून बसली होती, आणि सरदार भुजंगराव ढालगावकर यांचे चारचाकीस वाट मिळेना, मग सरदार क्रोधें उतरले आणि काठी हाणून बाईचें उजवें मनगट मोडिलें. काय ती मर्दुमकी! मग उभयतां ठाण्यांत आलीं.

ठाण्याची रीत ऐसी कीं, मारामारी जाहली म्हणजे दोघांस एका बाकावर बसवावें, आणि चहा पाजावा, आणि मारणारास समज देऊन घरीं धाडावें. त्याप्रमाणें चहा आला. बाईनें कपास हात लाविला नाहीं आणि नवे ठाणेदार अंबाजीराव खराटे यांस बोलिली, "साहेब, या हातानं गावच्या लेकीसुनांना बांगड्या भरते मी. हा सरदार चहा पिऊन सुटला, तर उद्या मला नाक्यावर उभी राहू द्यायचा नाही. मग खाऊ काय, काचा?"

ठाणेदार सरदारांस पुसते जाहले, "मारलंत?"

सरदार हांसोन बोलिले, "छे! आपणच पडली. द्या समज, निघतो."

"मारलंच नाही म्हणता, तर समज कशाची देऊ? कबूल करील त्याला समज, नाहीतर खटला."

मग सरदार गडबडले आणि मिशीस पीळ देऊन गरजले, "बरं, मारली! चुकलं! आम्हांला काय रीत शिकवता? दिवाळीत रसवाल्याचे दात पाडले, तेव्हाही समजच दिली होती!"

अरे कर्मा! आपलाच पाय, आपलाच धोंडा! हवालदार हळूच वदले, "खरं आहे साहेब, चहा मीच आणला होता."

तेव्हां ठाणेदार उठोन उभे राहिले आणि बोलिले, "समज म्हणजे काय देवळातला प्रसाद, पुन्हा पुन्हा हात पसरायला? एकदा दिली, ती वाया गेली. हाड मोडलंय, आणि बाईला समेट नको. हवालदार, गुन्हा नोंदवा!"

मग बाजारीं हलगी वाजली, आणि दुसरे दिवशीं बाई हात गळ्यांत बांधोन नाक्यावर बसली, आणि लेकीसुना लोटल्या, म्हणाल्या, "मावशी, डाव्या हातानं भरा. फुटल्या तर फुटल्या!" बहुत फुटल्या. एकही रुसली नाहीं.

सारांश, बाई नाक्यावर, सरदार कोर्टाचे पायरीवर. यश थोर जाहलें.