गाडीखालची पिकदाणी

सन पंचाहत्तरच्या सुमारास अख्ख्या नंदनवन वस्तीत बिनक्लचची मोटार एकच होती, गोपाळराव ठवकरांची. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन इंजिनिअरकडून त्यांनी ती घेतली आणि त्या दिवसापासून स्वतः जमिनीवर चालेनासे झाले. "गिअर आपोआप पडतात!" हे ते पोस्टमनलाही थांबवून सांगत (पोस्टमन बिचारा सायकलवर). ऑटोमॅटिक म्हणजे गाडी स्वतःची काळजी स्वतःच घेते, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यामुळे धुणंपुसणं सोडलं, तर बॉनेटला त्यांनी कधी हात लावला नाही.

त्यातच रामटेकहून सासरे आले. दादाजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गुरुवारी ऑपरेशन. ही तारीख गोपाळरावांच्या बायकोनं, भागीरथाबाईंनी, मोठ्या मिनतवारीनं मिळवली होती. दादाजींना एकच व्यसन, पानाचं.

सोमवारी सकाळी गोपाळरावांना गाडीखाली लालभडक डाग दिसला. मंगळवारी तो परातीएवढा झाला. गोपाळरावांचा पारा चढला.

"दादाजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"काय करून राहिलो?"

"माझ्या गाडीखाली थुंकून राहिले!"

"जवाईबापू, पान खातो, कबूल. पण एवढं मोठं आंगन सोडून मी गाडीखाली काहून घुसू? या वयात?"

गोपाळराव सुशिक्षित माणूस. त्यांनी वाद घातला नाही. एक बसकी पितळी पिकदाणी आणून डागावर नेमकी ठेवली आणि "थुंकायचंच असेल तर निदान यात," असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. बुधवारी सकाळी पिकदाणी अर्धी भरलेली! नाकाला रुमाल लावून त्यांनी ती बाहेर ओढली आणि शेजाऱ्यांना हाका मारमारून दाखवली. दादाजींनी पिशवी उचलली, काठी घेतली आणि ते चाचपडत एसटी स्टँडकडे निघून गेले.

भागीरथाबाई देवळातून आल्या आणि घर पेटलं. "उद्या ऑपरेशन आहे माह्या बाबाचं! आताच्या आता घेऊन या!"

गोपाळराव ऐटीत गाडीत बसले. इंजिन गरजलं, गिअरचा दांडा पुढे ढकलला, गाडी ढिम्म. मागे ओढला, तरी ढिम्म. शेवटी कोपऱ्यावरच्या विश्वनाथ मेकॅनिकला बोलावणं गेलं. तो येताच पिकदाणीपाशी बसला.

"साहेब, गिअरचं तेल पिकदाणीत काहून भरून ठेवलं?"

"अरे, पान आहे ते! हात नको लावू!"

विश्वनाथनं सरळ बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. गोपाळरावांनी डोळे मिटून घेतले.

"ना कात, ना चुना. सील गेलं साहेब, तेल गळून राहिलं. या गिअरचं तेल लालच राहते. ते मोजाची वेगळी सळई असते, इंजिन चालू ठेवून पाहा लागते. पाहिली का कधी?"

"पण ऑटोमॅटिक आहे ना ती?"

"गिअर ऑटोमॅटिक आहे साहेब. तेल भरणं नाही."

दारात भागीरथाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या रडल्या. गोपाळरावांना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं. मान खाली घालून ते एसटीनं रामटेकला गेले, उभ्यानं.

दादाजी ओसरीवर चार म्हाताऱ्यांत बसले होते. गोपाळरावांनी पाय धरले आणि माफी पुटपुटली.

"जोरानं सांगा, जवाईबापू. मंडळीले आयकू द्या."

"ते... पान नव्हतं. गाडीचं तेल होतं."

ओसरीवर हशा पिकला. दादाजी मात्र हसले नाहीत. त्यांनी गोपाळरावांचा चेहरा अगदी जवळ ओढून आपल्या धुरकट डोळ्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"येतो मी," ते म्हणाले. "पण डॉक्टरले सांगजा, उद्या दोन खाटा लागन. अन् पयला नंबर तुमचा. मी थांबतो, मले तुमच्यापेक्षा बरं दिसते."