कणगीतून बोलतोय

आमच्या शेजारचे रघूकाका सकाळचा चहा झाला की कणगीत जाऊन बसतात. भात साठवायची कणगी हो, कारवीची विणलेली, शेणानं सारवलेली, तीच. आधी स्टुलावर चढायचं, एक पाय आत, "आई गं", दुसरा पाय आत, आणि मग वरून गोधडी ओढून घ्यायची. मिनिटभरानं आतून आवाज येतो, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की पृथ्वीचं तापमान वाढत आहे. कृपया याची नोंद घ्यावी."

हा काकांचा पॉडकास्ट. नाव 'हॅलो हवामान'. कणगी म्हणजे स्टुडिओ. "शेणाच्या भिंती आवाज पिऊन टाकतात रे," काका सांगतात. "बाहेर तुझी काकू आणि कोंबड्या. माणसानं बोलायचं कुठं?"

एकेकाळी डोळखांबपासून मुरबाडपर्यंत काकांच्या कर्ण्याशिवाय लग्न लागत नव्हतं. "नवरीकडच्या मंडळींनी जेवून घ्यावे", "लाल टोपीचं पोर सापडलं आहे, ज्याचं असेल त्यानं घेऊन जावे", सगळं काका माईकवरून सांगायचे. मग डीजे आले आणि कर्णे माळ्यावर गेले. काका इतके गप्प झाले की सुमनकाकूंनी त्यांची दृष्ट काढली. पुढं मोबाइलवर कुणाचा तरी हवामान न्यायावरचा पॉडकास्ट कानावर पडला आणि काका ताडकन उठले. कणगी रिकामीच होती. ऐन कापणीला पावसानं भात आडवं केलं होतं, साठवायला होतं काय?

हवामान न्याय म्हणजे काय, हे मला आजवर फक्त काकांकडून कळलंय. "समज, लग्नाची पंगत हाय. पहिल्या पंगतीला शहरातले पाहुणे बसले, जिलबी संपवून गेले. दुसऱ्या पंगतीला आमी बसलो, तर पानात नुसतं मीठ. वर उष्ट्या पत्रावळ्या पण आमीच उचलायच्या. धरण आमच्या उशाशी आणि टँकरची वाट पण आमीच बघायची. आता बोल!"

"त्याला काय बोलायला सांगता?" काकू बाहेरून ओरडतात. "आधी कणगीतून बाहेर या, आंघोळीचं पाणी निवलं."

एकदा तर गुडघा आखडला आणि काका आतच अडकले. मी आणि काकूंनी कणगी आडवी केली आणि खांद्याला धरून त्यांना ओढून काढलं. बाहेर येता येताही रेकॉर्डिंग चालूच. "श्रोतेहो, तांत्रिक अडचणीबद्दल दिलगीर आहोत."

हे सगळं ठीक. पण प्रत्येक भागाच्या शेवटी काका एक शेपूट जोडायचे, त्यानं माझं डोकं उठायचं. "आता वरच्या पाड्याच्या बातम्या." वरच्या पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. यंदा भात गेलं म्हणून दिवाळीच्या आधीच गेली. मागं उरली ती कुडाची बंद घरं आणि चार म्हातारी माणसं. काका रोज पहाटे काठी टेकत वर जाऊन यायचे आणि मग कणगीतून सांगायचे, "सोमाच्या दाराची ताटी पडली होती, बांधली आहे. काळूची कोंबडी अंड्यांवर खुडूक बसली आहे. सोमाची आई जेवली. खोकला कमी आहे."

आता सांगा, हवामान न्यायात कोंबडी कशाला?

मुंबईहून एक बाई आल्या, त्यांचंही हेच म्हणणं पडलं. मोठा पॉडकास्ट चालवायच्या त्या. स्वभावानं चांगल्या, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसल्या, पंगतीच्या गोष्टीला पोट धरून हसल्या. "काका, आम्ही तुमचे भाग लावतो. हजारो लोक ऐकतील. फक्त ते कोंबडी-खोकला काढूया. शहरात कुणाला काय कळणार?"

हजारो म्हटल्यावर काकांचा चेहरा असा खुलला, जणू मांडवात परत माईक हातात आला. पण लगेच म्हणाले, "विचार करून कळवतो."

"अहो, विचार कसला करताय?" मी त्या जाताच भडकलो. "उभा जन्म तुम्हाला माणसं हवी होती ना ऐकायला? काढून टाका ती कोंबडी!"

काकांनी गोधडीची घडी घालून ठेवली. दोन दिवस कणगीत गेले नाहीत. काकू मला म्हणाल्या, "बडबड करतात तेव्हा जीव खातात. आता गप्प बसलेत तर मलाच घास जात नाय रे."

रविवारी मी गोठ्याच्या भिंतीसाठी विटा बघायला वाशिंदच्या पुढं एका भट्टीवर गेलो. तिथं सोमा दिसला, कोपरापर्यंत चिखलानं भरलेला. मला बघून धावतच आला.

"दादा, मोबाइलवर काकाचा आवाज दोन दिवस नाय आला. माझी आई बरी हाय ना?"

मी काय सांगणार? वरच्या पाड्यावर मी फिरकतो कशाला! सरळ काकांना फोन लावला आणि आवाज मोठा केला. सोमाची बायको बुधी, काळू, सगळे हातातलं टाकून भोवती जमले.

"सकाळीच जाऊन आलो रे," काका म्हणाले. "पेज प्याली. तुझी आठवण काढत होती."

सोमानं चिखलाचे हात जोडून फोनलाच नमस्कार केला. मी त्याला विचारलं, "तुम्ही ऐकता काकांचं? सगळं?"

"तापमानाचं पुढं सरकवतो," सोमा म्हणाला. "ते आमाला काय सांगायचं? भट्टीसमोरच उभे हाव." सगळे हसले. फोनवर काकाही हसले.

तेवढ्यात बुधी पुढं झाली. "काका, तू जेवलास काय? काळूच्या कोंबडीची पण खबर देतंस. तुझी कोण देतो?"

भर मांडवात लाईट गेली तरी न अडखळणारा माणूस, पहिल्यांदाच अडखळला. "हॅलो... हॅलो... रेंज जातेय," म्हणून काकांनी फोन ठेवला. रेंज चांगली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुंबईच्या बाईंना कळवलं, "क्षमस्व. आमची तारीख आधीच बुक आहे." आणि चहा घेऊन कणगीत उतरले. पृथ्वीचं तापमान झालं, कोंबडीची पिल्लं झाली, सोमाच्या आईची पेज झाली. मला वाटलं, भाग संपला. तोच गोधडी बाजूला सारल्याचा आवाज आला आणि कणगीच्या तोंडाशी वाकून काकू बोलू लागल्या.

"हॅलो. बुधी, ऐकतेस ना गो? आमचं माणूस जेवलं. नाचणीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. गुडघा दुखतो, पण कुणाला सांगत नाय. तुमी सगळे गेल्यापासून करमत नाय त्याला. पावसाच्या आधी परत या. कृपया याची नोंद घ्यावी."