काडेपेटीतली माशी

ज्या देशात एकही नदी नाही, तिथे दाऊदभाई रोज संध्याकाळी गच्चीवर नदीतले मासे धरायचा सराव करत. समोर पाण्याची बादली, हातात लांबलचक काठी, दोरीच्या टोकाला पिसांची खोटी माशी. ती बादलीत क्वचितच पडे. बहुतेकदा माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत अडके. "वयनी, आज साडी लागली गळाला!" म्हणून वर हसायचेही!

सौदीतल्या जेद्द्याच्या बलद या जुन्या पेठेतल्या एका इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि दाऊदभाई तिसऱ्यावर, एकटेच. मूळचे संगमेश्वरकडचे, नोकरी हॉटेलात. तिथे उतरलेल्या कुणा गोऱ्या पाहुण्याने जाताना काठी त्यांना देऊन टाकली, आणि हे वेडही. उन्हं तापू लागली की संध्याकाळी नदीतून बारीक माश्या बाहेर निघतात आणि मासे त्या टिपायला वर येतात. अगदी तशीच माशी पिसा-दोऱ्याने बांधून पाण्यावर टाकली, की मासा फसतो म्हणे.

"पन माशी तीच पायजे," दाऊदभाई बजावत. "मासा काय येडा हाय?"

म्हणून दर शिमग्याच्या सुमारास गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी त्यांच्या बायकोची, हलीमाभाभींची, काडेपेटी यायची. आत कापसात गुंडाळलेली, गावच्या शास्त्री नदीवरची माशी. लोकांना घरून लोणची-पापड येत, यांना किडे! मग भिंगातून बघून दाऊदभाई तशा माश्या बांधत आणि त्या खिशात घालून रजेवर जात. हलीमाभाभी म्हणजे झुरळ दिसलं तर शेजारच्या घरात पळणारी बाई. "थरथरते किड्यांना. पन धाडते," ते कौतुकाने सांगत.

आखाती युद्धाच्या वर्षी आम्ही खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून रेडिओला कान लावून बसलो होतो. दाऊदभाईंचं बातमीपत्र मात्र वेगळंच. "शास्त्रीचं पानी निवळलं असल. दोन दिवसांत माशी उडल."

"अहो, इथे क्षेपणास्त्रं उडतायत!" आमचे हे वैतागत.

"ती रियाधला. माझी माशी गावाला."

खरं तर त्यांचा जीव टांगणीला लागला होता. लढाईच्या तोंडावरच हलीमाभाभी काविळीने अंथरुणाला खिळल्याचं कळलं होतं. मग विमानं थांबली, टपाल थांबलं, फोन लागेना. कफील, म्हणजे ज्याच्या परवान्यावर ते तिथे होते तो अरब मालक, म्हणाला, आधी लढाई खलास, मग रजा. संध्याकाळी गच्चीवर जाताना ते आमच्या दारात थांबून विचारत, "गावाकडून कोन आला काय?" नाही म्हटलं की काठी उचलून जिना चढत.

लढाई संपली, विमानं सुरू झाली. एके दिवशी दाऊदभाई काडेपेटी घेऊन धावतच खाली आले आणि आमच्या टेबलावर ती उघडली. आत नुसता भुगा! आणणारा गृहस्थ बहुधा सबंध प्रवासभर तिच्यावरच बसला होता. आमचे हेसुद्धा हळहळले.

दाऊदभाई भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

"कुठली माशी, कळतंय का?" मी विचारलं.

"नाय," ते म्हणाले. हसत होते आणि डोळे वाहत होते. "पन ह्यो येडेपना गावात दुसरा कोन करनार? वयनी, ती उठली. नदीपर्यंत चालत गेली!"